बल्ब बदलण्याआधी मीटर लावा: जुन्या जीपचे हेडलाइट आणि रिलेचं वायरिंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तेरा वर्षांची डिझेल जीप आहे, एच४ होल्डर (एकाच बल्बात अप्पर आणि डिपर), त्यात ६०/५५ वॉटचे, म्हणजे अप्परला ६० आणि डिपरला ५५, साधे बल्ब. चिपळूणहून कराडला कुंभार्ली घाटातून रात्रीचं येणं-जाणं असतं. उजेड पिवळट आणि आखूड पडतो, पावसात रस्त्याची कडसुद्धा दिसत नाही. स्पेअरपार्टवाला १००/९० चे बल्ब टाका म्हणतो, मित्र एलईडी घ्या म्हणतो, आणि तुमचा वायरमन म्हणतो की रिले, म्हणजे दिव्याचा मोठा करंट सोडणारा वेगळा स्विच, टाकल्याशिवाय कशालाच हात लावू नका. यातलं कोणाचं ऐकायचं, आणि वायरिंग जळेल का?

माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. जीप, पिकअप, टेम्पो हीच रोजची कामं, आणि हेडलाइटची तक्रार पावसाळ्याच्या तोंडावर रोज येते. माझं मत आधीच सांगतो: तुमचा वायरमन योग्य दिशेने बोलतोय, पण त्याच्याही आधी एक पायरी आहे. कोणता बल्ब टाकू हा प्रश्न नंतरचा. आत्ता जो बल्ब आहे त्याला त्याची हक्काची वीज पोचते का, हे पहिल्यांदा बघायचं. बहुतेक जुन्या गाड्यांत ती पोचत नाही. तसं असेल तर नवा कुठलाही बल्ब टाकला तरी तोही उपाशीच राहणार.

आता हे का होतं ते बघू. जुन्या बनावटीच्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डमधून फिरून येतो. बॅटरीतून निघून फ्यूज बॉक्स, तिथून स्टेअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच, अप्पर-डिपरचा काँटॅक्ट, मग परत बॉनेटखाली दोन-तीन कपलर (वायरींचे जोड) आणि शेवटी होल्डर. ही वाट सहज पाच-सहा मीटरची होते. दोन्ही डिपर मिळून साधारण ९ अँपिअर घेतात, दोन्ही अप्पर १० अँपिअर. १ स्क्वेअर मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला मीटरमागे साधारण १८ मिलिओहम रेझिस्टन्स असतो. सहा मीटर वायर, ९ अँपिअर, असा हिशेब केला तर नव्याकोऱ्या वायरमध्येच जवळजवळ १ व्होल्ट जातो. त्यात तेरा वर्षांचे काळवंडलेले काँटॅक्ट, सैल झालेल्या पिना आणि गंजलेलं अर्थिंग (करंट बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे परत जाण्याची वाट) मिळवा.

एक-दीड व्होल्टाने काय बिघडतं असं वाटेल, पण हॅलोजन बल्ब इथेच माणसाला फसवतो. त्याचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, फार झपाट्याने कमी होतो. व्होल्टेज ५ टक्के उतरलं की उजेड १६ टक्के उतरतो. व्होल्टेज १० टक्के उतरलं की उजेड ३० टक्के गेला. शिवाय तार कमी तापली की उजेड पिवळा पडतो. म्हणजे तुम्ही जे ‘पिवळट’ म्हणताय ते बहुधा बल्बच्या जातीचं लक्षण नाही, उपासमारीचं आहे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. बॉक्सवर १२ व्होल्ट छापलेलं असलं तरी एच४ बल्बचा ठरलेला उजेड, म्हणजे अप्परला १६५० आणि डिपरला १००० ल्युमेन (उजेडाचं माप), हा १३.२ व्होल्टवर मोजलेला असतो. गाडी चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट असतात, त्यातले १३.२ च्या आसपास बल्बपर्यंत पोचावेत असा तो हिशेब आहे.

तर पहिलं काम मीटर लावायचं. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. डीसी २० व्होल्टवर ठेवा, इंजिन चालू करून रेस किंचित वर धरा, डिपर लावा आणि दोन-तीन मिनिटं तसंच राहू द्या. आधी बॅटरीवर मोजा. दोन्ही प्रोब शिशाच्या खुंटांवरच टेकवा, क्लॅम्पवर नको, कारण क्लॅम्प आणि खुंट यांच्यामध्येसुद्धा कधी कधी व्होल्टेज गळतं. मग बल्बवर मोजा. इथे एक चूक मी खूप जणांना करताना बघतो: होल्डर बल्बातून काढून मोकळ्या पिनांवर मीटर लावतात आणि ‘करंट तर पूर्ण येतोय’ म्हणून मोकळे होतात. बल्ब नसला की करंट वाहतच नाही, आणि करंट वाहत नसेल तर वायर कितीही कुजलेली असो, मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवणार. म्हणून होल्डर बल्बावर बसलेला हवा, बल्ब पेटलेला हवा आणि होल्डरच्या मागच्या बाजूने, वायर आत जाते तिथे, बारीक टाचणी सरकवून तिच्यावर प्रोब टेकवायचा.

यानंतरची दोन मापं सगळ्यांत कामाची. एक प्रोब बॅटरीच्या प्लस खुंटावर, दुसरा पेटलेल्या बल्बच्या डिपर पिनवर. मीटर जो आकडा दाखवेल तेवढं व्होल्टेज प्लसच्या वाटेत हरवतंय. मग एक प्रोब बल्बच्या अर्थ पिनवर आणि दुसरा बॅटरीच्या मायनस खुंटावर. हा आकडा अर्थच्या वाटेतला. दोन्हीकडच्या दिव्यांवर हे करा, कारण डावा-उजवा फरक बऱ्याचदा निघतो.

उदाहरण म्हणून अशा वयाच्या जीपवर नेहमी दिसणारे आकडे घेऊ. बॅटरीवर १३.९, बल्बवर ११.६. मधले २.३ व्होल्ट गायब, त्यातले १.७ प्लसकडे आणि ०.६ अर्थकडे. उजेडाच्या भाषेत, बल्बचा उजेड जेवढा पडायला हवा त्याच्या ६५ टक्क्यांच्या आसपासच पडतोय. आणि ते गायब झालेले व्होल्ट हवेत विरत नाहीत. २.३ व्होल्ट गुणिले ९ अँपिअर म्हणजे जवळजवळ २० वॉट तुमच्या वायरी, स्विच आणि कपलर तापवण्यात खर्च होतायत. अशा गाडीचा होल्डर काढून बघितला तर प्लॅस्टिक एका पिनेभोवती तपकिरी पडून चुरमडलेलं असतं, पिनेची चमक जाऊन ती निळसर-काळी झालेली असते आणि तिची पकड इतकी सैल झालेली असते की बल्ब बोटाच्या धक्क्याने हलतो. ‘वायरिंग जळेल का’ हा तुमचा प्रश्न आहे ना? होल्डर अशा अवस्थेत असेल तर जळायला सुरुवात झालेली आहे, नवा बल्ब न टाकताच.

किती गळती चालते, याचं माझं सरळ गणित आहे. प्लस आणि अर्थ मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंगला हात लावू नका, दोष दुसरीकडे आहे. अर्धा ते एक व्होल्ट असेल तर काँटॅक्ट आणि अर्थ साफ करून पुन्हा मोजा. एकच्या वर असेल तर रिले टाका. आणि बॅटरीवरच १३ सुद्धा येत नसेल तर आधी अल्टरनेटर (गाडीत वीज बनवणारा भाग), बेल्ट आणि बॅटरीचे क्लॅम्प बघा. उलट १५ च्या घरात दाखवत असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय. तो दुरुस्त केल्याशिवाय रिले टाकू नका, कारण मग ते जास्तीचं व्होल्टेज थेट बल्बवर जाईल. जसा उजेड झपाट्याने वाढतो तसंच आयुष्य झपाट्याने घटतं. व्होल्टेज ५ टक्के चढलं की बल्बचं आयुष्य जवळजवळ अर्ध्यावर येतं.

रिलेच्या आधी अर्थ. कोकणात चालणाऱ्या गाड्यांबद्दल हे मी मुद्दाम सांगतो. हेडलाइटची अर्थ वायर बहुतेक वेळा रेडिएटरच्या पुढच्या पत्र्यावर एका छोट्या स्क्रूने आवळलेली असते. खारी हवा, चिखल आणि गाडी धुतानाचं पाणी यांनी तो स्क्रू आणि त्याखालचा पत्रा दोन्ही गंजतात. स्क्रू काढा, पॉलिश पेपरने पत्रा उघडा चकचकीत होईपर्यंत घासा, जुना लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) कापून नवीन दाबून बसवा, म्हणजे क्रिम्प करा, दातेरी वॉशर घालून बोल्टने आवळा आणि वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावा. वायरसुद्धा शक्य तर २.५ स्क्वेअरची नवीन टाका. मग पुन्हा मोजा. कित्येकदा नुसत्या एवढ्यावर उजेड डोळ्यांना जाणवेल इतका वाढतो, आणि खर्च लग-बोल्टाचा.

आता रिले. रिले म्हणजे काय, तर थोड्याशा करंटने चालणारा आणि मोठा करंट सोडणारा स्विच. आजवर जो ९-१० अँपिअर करंट तुमच्या कॉम्बिनेशन स्विचमधून जात होता, तो आता बॅटरीतून जाड आणि आखूड वायरने थेट दिव्याकडे जातो. जुन्या वायरिंगला फक्त रिलेची कॉइल (आतला स्विच ओढणारं तारेचं वेटोळं) चालवायची असते, आणि कॉइल पाव अँपिअरसुद्धा घेत नाही. म्हणजे जुनी वायर, जुना स्विच यांच्यावरचा ताणही गेला. अप्पर-डिपरचा महागडा स्विच वारंवार जळणाऱ्या गाड्यांत मी हाच उपाय सुचवतो.

जोडणी अशी. डिपरला एक रिले आणि अप्परला एक. बॅटरीच्या प्लसवरून २.५ स्क्वेअरची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरातच तिला ३० अँपिअरचा मुख्य फ्यूज, मग दोन्ही रिलेंच्या ३० नंबरच्या पिनवर. ८७ नंबरमधून करंट बाहेर पडतो तो दिव्यांवर बसवलेल्या नव्या होल्डरकडे. ८५ आणि ८६ या कॉइलच्या पिना. दोन्ही दिव्यांचे जुने होल्डर मोकळे होतात, त्यातल्या एकातून कॉइलला इशारा घ्यायचा. दुसरा जुना होल्डर टेपने नीट बंद करून, बांधून ठेवायचा. कापायचा नाही. उद्या वाटेत रिलेने दगा दिला तर दोन्ही जुने होल्डर परत बल्बवर बसवून घरी येता आलं पाहिजे. रिले किट बसवताना कारखान्याचं वायरिंग कापणाऱ्या माणसाकडून काम करून घेऊ नका.

फ्यूजबद्दल माझा आग्रह आहे. तयार किटमध्ये बहुधा सगळ्याला मिळून एकच फ्यूज असतो. तो घाटात उडाला तर वळणावर दोन्ही दिवे एकदम जातील. म्हणून ८७ मधून दोन वाटा काढा, डाव्या दिव्याला वेगळा आणि उजव्याला वेगळा, प्रत्येकी १० अँपिअरचा फ्यूज. दोन रिले, चार छोटे फ्यूज, एक मोठा. काम अर्ध्या तासाने वाढतं, पण एका बाजूला शॉर्ट झालं तरी दुसरा दिवा जिवंत राहतो. घाटातून जाणाऱ्या गाडीला याशिवाय मी वायरिंग करून देत नाही.

एक खाचखळगा इथे आहे आणि त्यावर वायरमनही अडखळतात. सगळ्या गाड्यांत स्विच प्लसच्या बाजूला नसतो. जपानी धाटणीच्या काही गाड्यांत होल्डरच्या कॉमन पिनवर कायम प्लस येतो आणि अप्पर-डिपरचा स्विच मायनस जोडतो-तोडतो. अशा गाडीत कॉइलचं एक टोक बॉडीला अर्थ केलं तर रिले बंदच होणार नाही किंवा लागणारच नाही. ओळखायचं कसं? टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीला लावा, हेडलाइट लावून मोकळ्या होल्डरच्या तिन्ही पिना तपासा. डिपरवर एक पिन पेटते आणि अप्परवर दुसरी, तर स्विच प्लसचा. दोन्ही वेळा तीच एक पिन पेटते, तर स्विच मायनसचा. मी स्वतः या भानगडीत न पडता कॉइलची दोन्ही टोकं जुन्या होल्डरमधूनच घेतो, एक कॉमन पिनवरून आणि दुसरं डिपरच्या किंवा अप्परच्या पिनवरून. बॉडीला काहीच नाही. मग स्विच कुठल्याही बाजूचा असो, रिले चालतो. फक्त डायोडवाला रिले असेल तर त्याला प्लस-मायनस उलटं चालत नाही, म्हणून अशा जोडणीत साधा, डायोड नसलेला रिले घ्या. आणि पाच पिनांचा रिले मिळाला तर मधली पिन ८७ए आहे की दुसरी ८७, हे त्याच्या अंगावरच्या आकृतीत बघा. ८७ए वर दिवा जोडला तर स्विच बंद केल्यावर दिवा लागेल.

सामान घेताना वायरवर लक्ष द्या. स्वस्त किटमधली वायर बाहेरून जाड दिसते, पण इन्सुलेशनच जाड असतं, आत तार बारीक. त्याहून वाईट म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. टोकाला वायर सोलून एक तंतू ब्लेडने खरवडा. आत पांढरट चंदेरी दिसलं तर ते किट परत करा. ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स तांब्याहून जास्त, क्रिम्पमध्ये ते सैल पडतं, ओल लागली की पावडर होतं. घरगुती वायरिंगची वायरही बॉनेटखाली नको, उष्णतेने आणि तेलाने तिचं आवरण कडक होऊन तडकतं. होल्डर सिरॅमिकचा घ्या, पण त्याच्यामागे रबरी टोपण नीट बसतं ना ते बघा, नाहीतर दिव्यात पाणी जाऊन रिफ्लेक्टर खराब होईल. रिले एक्झॉस्टपासून लांब, मडगार्डच्या वरच्या भागात, पिना खाली तोंड करून बसवा, म्हणजे पाणी साचत नाही. वायरींवर कोरुगेटेड स्लीव्ह, आणि पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट. पत्र्याच्या धारेवर घासणारी वायर आणि तिच्यात फ्यूज नाही, असं दिसलं की समजायचं, त्या गाडीला आग लागू शकते.

काम झालं की तीच मापं पुन्हा घ्या. वरच्या उदाहरणातल्या ११.६ च्या जागी १३.३ च्या आसपास यायला हवेत. एवढ्यानेच उजेड दीडपटीहून जास्त होतो, बल्ब तोच, ६०/५५ चा. काच बोटाने न धरता नवीन चांगल्या कंपनीची जोडी टाका, कारण तेरा वर्षांच्या गाडीतले बल्ब आतून काळसर झालेले असण्याची शक्यता आहे. निळ्या काचेचे ‘झेनॉनसारखे’ बल्ब घेऊ नका. तो निळा रंग म्हणजे गाळणी आहे, ती उजेड अडवते.

आता १००/९० बद्दल. जुन्याच वायरिंगवर ते टाकले तर करंट वाढतो, तशी गळतीही वाढते. आपल्या उदाहरणात २.३ ची गळती ३ व्होल्टच्या पुढे जाईल, म्हणजे बल्बला जेमतेम साडेदहा-अकरा व्होल्ट मिळतील. उजेड थोडा वाढेल, पण काँटॅक्टवरची उष्णता दुप्पट-अडीचपट होईल, कारण ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. स्विच आणि होल्डर त्यातच जातात. रिलेवर टाकले तर वायर वाचेल, पण प्लॅस्टिकच्या रिफ्लेक्टरचा चंदेरी थर भाजून निघेल आणि समोरून येणाऱ्याला तुमचा डिपरसुद्धा अप्परसारखा लागेल. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने नोंदवलेल्या रचनेत बदल करता येत नाही, आणि उद्या गाडी पेटली तर विम्याचा सर्व्हेअर पहिला बल्ब आणि वायरिंग बघतो. मी रस्त्यावरच्या गाडीला १००/९० बसवून देत नाही. गिऱ्हाईक रागावून गेलं तरी चालेल.

एलईडीबद्दल विचार थोडा वेगळा आहे. करंट कमी घेतात हे खरं. पण एच४ चा रिफ्लेक्टर एका बारीक तारेभोवती आखलेला असतो. डिपरच्या तारेखाली बल्बच्या आत एक छोटी धातूची वाटी असते, ती खालच्या अर्ध्या रिफ्लेक्टरवर उजेड पडू देत नाही, आणि त्यामुळेच डिपरचा वरचा काठ कापल्यासारखा सरळ येतो. बदली एलईडीत चिप दोन बाजूंना चिकटवलेल्या असतात. त्यांची जागा, जाडी आणि ती वाटी तारेशी तंतोतंत जुळली नाही तर उजेड विस्कटतो. गाडीपुढचे पंधरा-वीस मीटर पांढरेशुभ्र दिसतात, माणूस खूश होतो, पण डोळे त्या जवळच्या उजेडाला सरावतात आणि लांबचं उलट कमी दिसतं. आणि तो विस्कटलेला उजेड घाटात वर चढणाऱ्या गाडीच्या चालकाच्या थेट डोळ्यांत जातो. अरुंद वळणावर समोरचा क्षणभर आंधळा झाला तर तो येऊन कोणावर आदळणार आहे? म्हणून हॅलोजनच्या दिव्यात बदली एलईडी टाकण्याच्या मी विरोधात आहे. कंपनीने एलईडीसाठीच बनवलेला अख्खा दिवा असेल तर गोष्ट निराळी.

वायरिंग उत्तम करूनही उजेड पडला नाही तर दिवा स्वतः बघा. काच प्लॅस्टिकची असेल आणि पिवळी पडली असेल तर ८००, १००० आणि २००० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने क्रमाने घासून पॉलिश करता येते, पण वरून यूव्ही लॅकर मारलं नाही तर काही महिन्यांत पुन्हा पिवळी होते. रिफ्लेक्टरचा आरसा काळपट झाला असेल तर मात्र इलाज नाही, दिवाच बदलावा लागतो. आतून फडक्याने पुसायचा प्रयत्न करू नका, चंदेरी थर निघून हातात येतो. पुढची विंडशील्डही विसरू नका. वाळू-खडीने बारीक टोचे पडलेल्या काचेवर आणि झिजलेल्या वायपरवर समोरचा प्रत्येक दिवा पसरतो, आणि दोष हेडलाइटला लागतो. तुम्ही वय पन्नाशीच्या पुढचं लिहिलंय, म्हणून सांगतो, डोळेही एकदा तपासून घ्या. मोतीबिंदूच्या सुरुवातीला रात्रीची नजर आधी त्रास देते.

दिव्याचं सेटिंग शेवटी, पण टाळायचं नाही. उजेड दीडपट झाला आणि दिवा वर बघतोय, तर त्रासही दीडपट. सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. टायरमध्ये बरोबर हवा, नेहमी असतो तेवढा माल मागे. बल्बच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने मारा. डिपर लावल्यावर त्याचा सपाट काठ त्या खुणेच्या १० सेंटीमीटर खाली यायला हवा. आपण डावीकडून चालतो, म्हणून डाव्या बाजूला तो काठ तिरपा वर चढलेला दिसेल. ते बरोबर आहे, रस्त्याची डावी कड आणि तिच्यावरची माणसं त्यातच दिसतात. तो उजवीकडे चढत असेल तर दिवा परदेशी रस्त्यांसाठीचा आहे, तो बदला. रिकाम्या गाडीवर सेटिंग करून मग मागे माल भरला तर नाक वर उचलतं आणि सगळं सेटिंग वाया जातं. जीप-पिकअपवाल्यांनी हे नक्की लक्षात ठेवावं.

कुंभार्लीच्या धुक्याबद्दल वेगळं सांगतो, कारण पावसाळ्यात तिथे तुमची खरी अडचण तीच असणार. धुक्यात हेडलाइट वाढवून काही मिळत नाही. अप्पर लावला की उजेड पाण्याच्या कणांवरून परत तुमच्याच डोळ्यांत येतो. तिथे डिपर ठेवायचा आणि बंपरच्या खालच्या भागात बसवलेले, रुंद आणि वरून सपाट कापलेला उजेड देणारे फॉग लॅम्प कामाला येतात. ते बसवणार असाल तर त्यांनाही वेगळा रिले आणि वेगळा फ्यूज. हेडलाइटच्या रिलेवर जोडू नका.

नव्या गाड्यांचे मालक हे वाचून कामाला लागण्याआधी थांबा. ज्यांच्या गाडीत हेडलाइट कॉम्प्युटरवरून चालतो, त्यात कंपनीनेच रिले किंवा इलेक्ट्रॉनिक स्विच बसवलेला असतो. तिथे बाहेरून रिले टाकला तर डॅशबोर्डच्या मीटरवर बल्बचा एरर येतो, कधी दिवे लुकलुकतात, वॉरंटीचा वाद होतो तो वेगळा. आणि ज्या जुन्या मोटारसायकलींचा हेडलाइट रेसबरोबर कमी-जास्त होतो, तो बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटच्या एसी करंटवर असतो. त्यावर हे वायरिंग लागू पडत नाही.

तुमच्या गाडीपुरतं बोलायचं तर या आठवड्यात फक्त तीन गोष्टी करा: दोन्ही होल्डर काढून पिनांचा रंग बघा, पुढच्या पत्र्यावरचे अर्थ साफ करा, आणि डिपर चालू ठेवून वर सांगितलेली मापं घ्या. बॅटरीवरचं, बल्बवरचं, प्लसची गळती, अर्थची गळती, डाव्या आणि उजव्या दोन्ही दिव्यांची वेगवेगळी. सोबत बॅटरी कुठल्या बाजूला आहे आणि दुसऱ्या दिव्यापर्यंत वायर किती लांब जाते ते लिहा. आकडे टाकलेत की तुमच्या गाडीला १.५ स्क्वेअर पुरेल की २.५ लागेल, आणि रिले कुठे बसवावे, ते नेमकं सांगतो.